आमच्याकडे हायब्रिड चालतं!

डोंबिवलीत ‘हायब्रिड’ हा शब्द पूर्वी फक्त भाजी मार्केटात ऐकू यायचा. टोमॅटो गावठी की हायब्रिड, असं आजी विचारायची आणि भाजीवाला खरं काय ते कधीच सांगायचा नाही. मग गाड्या हायब्रिड झाल्या. २०२० नंतर ऑफिसं हायब्रिड झाली, म्हणजे तीन दिवस लोकलचे धक्के आणि दोन दिवस आईच्या कुकरच्या शिट्ट्यांच्या साथीने कॉल! आणि आता ठाणे-डोंबिवलीतल्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, ‘‘काय रे, प्रोजेक्ट कसा चाललाय?’’ उत्तर ठरलेलं... ‘‘आमच्याकडे ना, हायब्रिड मॉडेल आहे. थोडं ॲजाइल, थोडं वॉटरफॉल.’’ एवढं बोलून तो जे हसतो ना, त्या हसण्यात सगळं आलं.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाली नाही. मास कॉम केलं, फ्रीलान्स लिहिते, त्यामुळे आयटीशी माझं नातं एकच, डेडलाइन! पण माझा अख्खा ग्रुप तिकडचा. कुणी वागळे इस्टेटला, कुणी घोडबंदर रोडला, कुणी ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला. रविवारी कट्टा जमला की पहिली पाच मिनिटं पिक्चर आणि क्रिकेट, नंतर दोन तास ‘स्प्रिंट’, ‘यूएटी’, ‘साइन-ऑफ’. सुरुवातीला जाम बोअर व्हायचं. मग लक्षात आलं, हे लोक सॉफ्टवेअरबद्दल बोलतच नाहीयेत. ते आपल्या शनिवार-रविवारबद्दल बोलताहेत. तेव्हापासून मी कान टवकारून ऐकायला लागले, थोडं वाचलं, बऱ्याच जणांना पिडलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे.

दोन घराण्यांची कुंडली

जे आयटीत नाहीत, त्यांच्यासाठी आधी ओळखपरेड. वॉटरफॉल म्हणजे जुनं, शिस्तीचं घराणं. क्लायंटला काय काय हवंय ते सगळं सुरुवातीलाच लिहून काढायचं, त्यावर त्याची सही घ्यायची, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग आणि शेवटी डिलिव्हरी. धबधब्याचं पाणी जसं खालून वर चढत नाही, तसं एकदा पुढच्या पायरीवर उतरलं की मागे यायचं नाही.

ॲजाइल हे नव्या दमाचं घराणं. सगळं आधीच कळणार नाही, हे इथे पहिल्या दिवशीच मान्य. साधारण दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, त्याला स्प्रिंट म्हणतात. रोज पंधरा मिनिटं सगळ्यांनी भेटायचं, काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय ते सांगायचं. तुकडा झाला की क्लायंटला दाखवायचा. नाही आवडला? बदला!

आता यातली गंमत ऐका. ज्याच्या नावावर वॉटरफॉल खपवला जातो, त्या विन्स्टन रॉइसने १९७० च्या आपल्या पेपरमध्ये ‘वॉटरफॉल’ हा शब्द वापरलेलाच नाही. त्याने पायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृती काढली आणि लगेच सांगितलं, की हे असंच्या असं राबवणं धोक्याचं आहे. नवीन प्रकारचं सॉफ्टवेअर असेल तर आधी एक छोटी प्रतिकृती बनवून बघा आणि मग खरं बनवा, असा त्याचा सल्ला. जगाने आकृती उचलली, सल्ला तिथेच ठेवला!

दुसरीकडची गंमतही तशीच. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये, स्नोबर्डच्या स्की रिसॉर्टवर सतरा जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं जास्त मोलाचं, असं त्यात आहे. पण प्लॅन, कागदपत्रं, करार यांनाही किंमत आहे, हेही त्याच पानावर लिहिलंय. म्हणजे दोन्ही घराण्यांचे मूळपुरुष एकमेकांचे वैरी कधीच नव्हते. भांडतोय तो आपला मधला गोतावळा.

दोन्हीकडची उठाठेव

मग हायब्रिडमध्ये लोच्या नेमका कुठे होतो? २०११ मध्ये फॉरेस्टर या संस्थेच्या डेव्ह वेस्ट यांनी याला एक मस्त नाव दिलं, ‘वॉटर-स्क्रम-फॉल’. सुरुवातीला बजेट आणि रिक्वायरमेंट वॉटरफॉलने पक्कं, मधल्या मध्ये डेव्हलपर मंडळी स्क्रमवर, आणि शेवटी रिलीज परत वॉटरफॉलने. सँडविचच म्हणा ना! ब्रेड शिळा आणि आतल्या भाजीने मात्र रोज ताजं राहायचं.

माझी एक मैत्रीण डोंबिवली पूर्वेला राहते आणि ऐरोलीत एका कंपनीत टीम लीड आहे. तिचा आठवडा सांगते. रोज सकाळी साडेनऊला स्टँडअप. नाव स्टँडअप असल्यामुळे ती तो लेडीज डब्यात उभ्यानेच करते! दिव्यापाशी नेटवर्क गेलं की तिचं ‘अडलंय’ ऐकूच जात नाही. दिवसभर स्प्रिंटचा बोर्ड अपडेट करायचा. शुक्रवारी तीच माहिती एक्सेलमध्ये भरायची, कारण वरच्या साहेबांना ‘किती टक्के झालं’ हे हवं असतं. क्लायंट दर डेमोला म्हणतो, ‘‘छोटासा बदल आहे, तुम्ही ॲजाइल आहात ना?’’ आणि तोच क्लायंट महिनाअखेरीस विचारतो, ‘‘३१ मार्चची तारीख पक्की ना? करारात आहे.’’

बघितलंत? बदल मागताना ॲजाइल, तारीख मागताना वॉटरफॉल. दोन्हीतलं सोयीचं तेवढं क्लायंटने उचललं आणि गैरसोयीचं तेवढं टीमच्या वाट्याला आलं. या प्रोजेक्टच्या नादात तिच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. बाबा म्हणाले, ‘‘असू दे गं, दिसतंय मला थोडं थोडं.’’ तिने हे सांगितलं तेव्हा कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही. चहा तसाच गार झाला.

मॅनेजमेंटच्या पुस्तकात एक त्रिकोण असतो. वेळ, पैसा आणि काम. तिन्ही कोपरे एकदम पक्के करता येत नाहीत, एक तरी मोकळा सोडावा लागतो. आपल्याकडे तिन्ही पक्के करतात, कारण चौथा कोपरा कागदावर दिसत नाही. तो म्हणजे रात्री ठाणे स्टेशनच्या पुलावरून शेवटच्या गाडीसाठी पळणारा माणूस!

तारीख हलली नाही, मग काय हललं?

तुम्ही म्हणाल, तारीख पक्की असूच नये की काय? असं कसं! काही तारखा खरंच हलत नाहीत. सगळ्या देशाने अनुभवलेलं उदाहरण घ्या, जीएसटी. १ जुलै २०१७ ही तारीख सरकारने ठरवली, कायदा लागू झाला आणि कॉम्प्युटरवरची यंत्रणाही त्याच मुहूर्तावर उभी राहायला हवी होती. मूळ बेत असा, की व्यापाऱ्याने महिन्याला तीन विवरणपत्रं भरायची. विक्रीचं जीएसटीआर-१, खरेदीचं जीएसटीआर-२ आणि दोन्हींचा मेळ घालणारं जीएसटीआर-३. एकाची विक्री म्हणजे दुसऱ्याची खरेदी, तेव्हा प्रत्येक बिल दोन्ही बाजूंनी जुळलं पाहिजे. कागदावर एकदम झक्कास!

प्रत्यक्षात सुरुवातीच्या महिन्यांसाठी ‘तात्पुरतं’ म्हणून एक सोपं, गोषवाऱ्याचं विवरणपत्र आणलं, जीएसटीआर-३बी. मुदतवाढींमागून मुदतवाढी झाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये जीएसटीआर-२ आणि जीएसटीआर-३ स्थगितच करावी लागली. खरेदीचा हिशोब आपोआप तयार करून देणारं जीएसटीआर-२बी हे पत्रक २०२० मध्ये आलं. आणि ते ‘तात्पुरतं’ ३बी? ते तर अजूनही भरावं लागतं! कुठल्याही सीएच्या ऑफिसात विचारा.

मला यातून एक गोष्ट पक्की समजली. तारीख हलणार नसेल तर कामाला कात्री लागणारच. प्रश्न फक्त एवढाच, की ती कात्री आधी शांतपणे, विचार करून लावायची, की गो-लाइव्ह झाल्यावर लोकांच्या बोंबा ऐकत लावायची. कात्री उशिरा लागली की त्याची किंमत वापरणाऱ्यांनी मोजायची आणि रात्री जागायचं टीमने.

स्लॅब कुठला, टाइल कुठली?

मग दोन पद्धती एकत्र आणायच्या तरी कशा? माझ्या डोक्यात हे शिरलं ते आमच्या शेजारच्या रिडेव्हलपमेंटमुळे. ठाणे-डोंबिवलीत सध्या गल्लोगल्ली तेच चालू आहे, तेव्हा तुम्हालाही लगेच कळेल. इमारतीचे कॉलम कुठे येणार, स्लॅब किती जाड, पाण्याची लाइन कुठून, हे आधीच कागदावर पक्कं लागतं. स्लॅब पडल्यावर ‘‘काका, जिना जरा डावीकडे घेता येईल का?’’ असं विचारलंत तर कंत्राटदार तुम्हालाच जिन्यावरून खाली ढकलेल! पण किचनच्या टाइल्स? त्या नमुना लावून बघता येतात, नाही आवडल्या तर बदलता येतात. काकू तीनदा रंग बदलतात आणि इमारत काही कोसळत नाही.

सॉफ्टवेअरचं अगदी हेच. चुकलं तर उलटं फिरवायला किती महाग पडेल, या एका प्रश्नावर कामाची वाटणी करायची. जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणणं, बँकेची किंवा आधारची जोडणी, सुरक्षा, सर्व्हर, कायद्याने ठरवून दिलेले नियम, हे झाले स्लॅब. यांचा वॉटरफॉल करा, बिनधास्त. लिहून काढा, सह्या घ्या, घाई नको. स्क्रीन कसा दिसावा, बटण कुठे असावं, रिपोर्टमध्ये कुठले रकाने लागतील, मेसेजची भाषा कशी असावी, या झाल्या टाइल्स. इथे स्प्रिंट चालवा, दाखवा आणि बदला.

बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर या दोघांनी २००३ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. शिस्त किती आणि मोकळीक किती, हे ठरवायला पाच गोष्टी बघा, असं ते सांगतात. टीम किती मोठी आहे, चूक झाली तर नुकसान किती मोठं, गरजा किती वेगाने बदलताहेत, माणसं किती तयारीची आहेत आणि एकूण संस्थेचा स्वभाव कसा आहे. शेवटचा मुद्दा मला फार आवडला. ज्या ऑफिसात रजेच्या अर्जावर तीन सह्या लागतात, तिथे ‘टीमने स्वतः ठरवावं’ हे पोस्टर लावून काय होणार?

आपल्या पालिकेचा किस्सा

यासाठी लांब जायची गरज नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या रस्त्यांवर आपण सगळेच मनसोक्त बोलतो, पण ई-गव्हर्नन्समध्ये हीच पालिका राज्यात आघाडीवर होती, हे कितीजणांना माहितीये? या शतकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत, म्हणजे तिकडे स्नोबर्डला जाहीरनामा लिहिला जात होता साधारण त्याच सुमारास, इथे एबीएम नॉलेजवेअर या कंपनीच्या साथीने पालिकेचा कारभार कॉम्प्युटरवर आणायचं काम चाललं होतं. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले आणि त्यासाठी एकाच छताखाली नागरी सुविधा केंद्र. पुढे राज्य सरकारने हेच मॉडेल इतर महापालिका आणि नगरपालिकांसाठी घेतलं.

आता त्यातल्या एका दाखल्याकडे स्लॅब-टाइलच्या नजरेने बघा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत कळवायची, हे १९६९ च्या कायद्याने सांगितलंय. उशिरा आलेल्या नोंदीची वेगळी रीत आहे. हे नियम प्रोग्रामरने स्प्रिंटमध्ये बदलायचे नसतात! जुन्या रजिस्टरांमधली नावं, पत्ते, मालमत्तांचे क्रमांक बिनचूक उतरवणं हेही स्लॅबचंच काम. एकाच्या घराचा कर दुसऱ्याच्या नावावर चढला तर सॉफ्टवेअर कितीही चकाचक असून काय उपयोग? पण खिडकीवरचा अर्ज किती पानी असावा, पावती कशी छापावी, रांग कुठून लावावी, हे सगळं खिडकीपाशी उभं राहून, बघून, सुधारत न्यायचं काम.

आणि यातला क्रमही महत्त्वाचा. आधी एका शहरात, मग राज्यात. एका ठिकाणी शिकायचं ते ॲजाइलच्या वृत्तीने आणि शिकून झालेलं शेकडो ठिकाणी न्यायचं ते वॉटरफॉलच्या शिस्तीने. रॉइसने १९७० मध्ये ‘आधी छोटं करून बघा’ म्हटलं होतं, ते याहून वेगळं काय?

करार तोच, वाट वेगळी

‘‘पण आमचा करार फिक्स्ड प्राइस आहे गं, त्यात ॲजाइल कसं बसवणार?’’ हा कट्ट्यावरचा पेटंट प्रश्न. त्यासाठी एकदम हॉलिवूड स्टाइल उदाहरण देते, साक्षात एफबीआय! कागदी फायली बंद करून तपासाची प्रकरणं कॉम्प्युटरवर आणायचा त्यांचा पहिला प्रयत्न २००५ मध्ये गुंडाळला गेला, साधारण १७ कोटी डॉलर पाण्यात. मग २००६ मध्ये ‘सेंटिनल’ नावाने दुसरा प्रोजेक्ट लॉकहीड मार्टिनला दिला. चार टप्पे आणि २००९ च्या अखेरीस काम पूर्ण, असा पारंपरिक बेत. ऑगस्ट २०१० पर्यंत ४५ कोटी १० लाखांच्या बजेटपैकी सुमारे ४० कोटी डॉलर संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे झाले होते.

२०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, टीम लहान केली आणि दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. पण लक्षात घ्या, मूळ गरजांची यादी त्यांनी फेकून दिली नाही. बजेटची मर्यादा ठेवली, सरकारी तपासनीसांची नजरही तशीच राहिली. त्या यादीचेच छोटे छोटे तुकडे पाडले, क्रम लावला आणि एकेक तुकडा पूर्ण करून दाखवला. जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सुरू झालं.

सगळं गोडगोड झालं का? छे! त्यांनी आधी सांगितलेली मुदत सप्टेंबर २०११ ची होती, ती चुकली. २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना बसवून चाचणी घेतली तेव्हा सिस्टीम कोलमडायला लागली आणि जुनं हार्डवेअर पुरत नाही, हे कळलं. म्हणजे बघा, टाइल्स सुंदर लागत होत्या पण स्लॅबचा हिशोब राहिला होता. ॲजाइल आहे म्हणून तो हिशोब कुणी माफ करत नाही.

स्वागतयात्रेकडून शिका

डोंबिवलीकरांना फिक्स्ड डेटचा प्रोजेक्ट कसा करायचा हे खरं तर कुणी शिकवायला नको. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये आपल्याच गावात, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली आणि मग गावोगावी गेली. त्या यात्रेची तारीख कोण हलवणार? पंचांग! मार्ग, बंदोबस्त, परवानग्या हे सगळं आधीच ठरवावं लागतं. चित्ररथ किती आणि कुठले, लेझीम पथकात किती जणी, ढोल किती, हे मात्र शेवटपर्यंत कमी-जास्त होऊ शकतं. एखादा चित्ररथ तयार नाही झाला तर तो मागे राहतो. पाडवा पुढे ढकलला, असं कधी ऐकलंय?

याच युक्तीला सॉफ्टवेअरवाल्यांनी १९९४ पासून नाव दिलंय. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या डीएसडीएम या पद्धतीत वेळ आणि पैसा पक्का धरतात आणि काम कमी-जास्त करतात. त्यासाठी कामांचे चार ढीग. एक, असायलाच हवं. दोन, असावं. तीन, जमलं तर. चार, या वेळी नाही. आणि खरी मेख पुढे आहे. ‘असायलाच हवं’ या ढिगात एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांहून जास्त काम ठेवायचं नाही! उरलेली जागा कशाला? अंदाज चुकतो, माणूस आजारी पडतो, मध्य रेल्वे मेगाब्लॉक घेते, त्यासाठी. आपल्याकडे मात्र पहिल्या ढिगात शंभर टक्के भरतात आणि वर म्हणतात, ‘‘सगळंच अर्जंट आहे.’’

सोमवारचे पाच प्रश्न

तर मंडळी, तुमच्या प्रोजेक्टवर ‘हायब्रिड’ची पाटी असेल, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये हे पाच प्रश्न विचारून बघा. तोंड वाकडं न करता, गोड आवाजात!

एक, आपल्या प्रोजेक्टमध्ये स्लॅब काय आणि टाइल काय? दोन याद्या, एकच पान. ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्याकडे हायब्रिड नाही, नुसती खिचडी आहे.

दोन, तारीख, पैसा आणि काम यातलं मोकळं काय ठेवलंय? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर समजा, ते तुम्ही आहात!

तीन, नवीन बदल आला की कुठे लिहितो? तोंडी मागणी, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, डेमोतलं ‘जरा एवढं करा’, सगळं एकाच वहीत. प्रत्येक बदलापुढे त्याला लागणारे दिवस आणि त्याच्या बदल्यात बाहेर जाणारं काम. आत एक आलं की बाहेर एक गेलं पाहिजे. लोकलच्या डब्यात हा नियम चालत नाही हे आपण रोज बघतोच, आणि त्याचे परिणामही.

चार, एकच माहिती किती ठिकाणी भरतोय? बोर्डावर आहे तर एक्सेल बंद, किंवा एक्सेल बोर्डावरूनच काढा. साहेबांना टक्के हवे असतील तर ‘इतक्या गोष्टी ठरल्या, त्यापैकी इतक्या क्लायंटने बघून मान्य केल्या’ एवढा एकच आकडा द्या. ‘नव्वद टक्के झालंय’ यावर कुणाचाच विश्वास नसतो, सांगणाऱ्याचा तर मुळीच नाही.

पाच, खऱ्या वापरणाऱ्याने हे शेवटचं कधी बघितलं? स्प्रिंट झाले दहा आणि वापरणाऱ्याने बघितलं एकदा, तेही यूएटीत, तर तो वॉटरफॉलच. फक्त दहा पायऱ्यांचा!

आता यावरचा आक्षेप मला पाठ आहे. ‘‘सर्व्हिस कंपनीत आपलं कोण ऐकतं? क्लायंट बोले आणि दल हाले.’’ कबूल. सगळे मॅनेजर ऐकणार नाहीत. अप्रेजलच्या तोंडावर तर प्रश्न विचारायलाही हिंमत लागते. पण माझ्या त्याच मैत्रिणीने या वेळी एक साधी गोष्ट केली. क्लायंटने डेमोत चार बदल सांगितले. तिने नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. उरलेल्या कामांची यादी स्क्रीनवर लावली, प्रत्येकापुढे लागणारे दिवस, आणि विचारलं, ‘‘हे चार घेऊया. यातलं काय काढू?’’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिकडच्या बाईंनी स्वतःच दोन रिपोर्ट काढायला सांगितले आणि चारपैकी एक बदल पुढच्या रिलीजला टाकला. त्यांनाही बहुतेक पहिल्यांदाच कळलं, की आपण मागतो ते कुणाच्या तरी दिवसांतून येतं.

बाबांच्या ऑपरेशनची तिसरी तारीख आता हॉस्पिटलच्या कागदावर आहे आणि टीमच्या कॅलेंडरवरही. तिने ती स्लॅबच्या यादीत टाकलीय.